मताला हात लावायचा नाही

मी साठीला टेकलेली बाई आहे, आर्वीला राहते आणि मला कार्टून आवडतं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथंच हसून घ्यावं. माझ्या जावेनं हसून घेतलं, आगारातल्या जुन्या सहकाऱ्यांनी हसून घेतलं. या अंकाच्या संपादकांनी “तुमच्या कामाबद्दल लिहा” असं सांगितल्यावर मी “कोणत्या कामाबद्दल?” असं विचारलं, तेव्हा तेही फोनवर थोडं हसलेच. त्यांना बस आगारातल्या आठवणी हव्या होत्या. तशा आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी निवृत्तीनंतर जे काम करते त्याबद्दल लिहिणार आहे, आणि ते काम म्हणजे कार्टूनप्रेमींच्या एका ऑनलाइन ग्रुपची अ‍ॅडमिनगिरी.

आगारात मी तीसएक वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले. शेवटच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर घरी पडून राहावं लागलं. समोर टीव्ही होता आणि त्यावर ‘वादळबेट’ नावाची मालिका लागायची, मराठीत आवाज दिलेली. समुद्रातलं एक लहानसं बेट, त्यावरचं दीपगृह आणि तिथं राहणारी आठ-दहा माणसं. आमच्याकडे पाणी म्हणजे धरण, समुद्राशी माझा काही संबंध नाही. पण त्या बेटावरची माणसं कडाकडा भांडायची आणि संध्याकाळी एकत्र जेवायला बसायची, ते मला भावलं. गुडघा बरा झाला, मालिका सुटली नाही.

पुढे या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप सापडला. तो निनाद नावाच्या पुण्याच्या मुलानं सुरू केला होता. निनाद अ‍ॅनिमेशन शिकत होता तेव्हापासूनचा तो ग्रुप, आणि मी गेले तेव्हा त्यात काही हजार माणसं होती. मी तिथं एक साधा प्रश्न विचारला, की दुसऱ्या भागात दीपगृहाचा उजेड लाल का दाखवलाय. त्यावर इतकी उत्तरं आली की मी चकित झाले. मग मीही उत्तरं द्यायला लागले. कोणी तेच तेच विचारलं तरी मला राग यायचा नाही, कारण “नागपूर लागली का?” हा प्रश्न मी दिवसातून शंभर वेळा ऐकलेली बाई. निनादनं ते हेरलं आणि मला अ‍ॅडमिन केलं. तेव्हापासून मी तिथली शालूकाकू.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अ‍ॅडमिन म्हणजे फोनवर बोट फिरवणारा माणूस. काम सांगते. सकाळी चहा झाला की मी कालच्या सगळ्या पोस्ट आणि त्यांखालच्या कमेंट वाचते. त्यांचे मनातल्या मनात तीन ढीग करते. एक मताचा, दुसरा टोमण्याचा, तिसरा धमकीचा. धमकी दिसली की काढायची आणि माणूसही काढायचा. टोमणा दिसला की त्या माणसाला खाजगीत लिहायचं, की बाबा, त्याच्या म्हणण्याबद्दल बोल, त्याच्याबद्दल बोलू नको. आणि मत कितीही विचित्र असलं तरी त्याला हात लावायचा नाही. सगळं कौशल्य एवढंच, की मत कुठं संपतं आणि टोमणा कुठं सुरू होतो ते ओळखणं. एकाच वाक्यात दोन्ही असतात, हीच पंचाईत.

गिऱ्हाइकं एकेक असतात. हिंगणघाटच्या दोन नणंद-भावजया एकाच घरात राहून ग्रुपवर भांडायच्या, मालिकेचं जुनं गाणं चांगलं की नवं यावर. मी एकीला खाजगीत समजावलं तर ती म्हणाली, काकू, घरात आम्ही बोलत नाही, इथंच बोलतो, तेवढं राहू द्या. मी राहू दिलं. एका सर्वेयरनं बेटाचा नकाशा काढला आणि बंदरापासून दीपगृह दर भागात वेगळ्या अंतरावर आहे असं सिद्ध केलं. त्याला कोणीतरी “कार्टून आहे हो ते” असं म्हणालं. तेव्हा हा गृहस्थ इतका दुखावला, की मला त्याच्याशी तासभर फोनवर बोलावं लागलं. शेवटी त्याच्या नकाशावरच मी तीन नवीन प्रश्न काढले, तेव्हा त्याचा आवाज सुधारला.

पण एक चूक माझ्या हातून झाली आणि ती मी लपवत नाही. सुरुवातीच्या काळात ऐकू न येणारा एक तरुण ग्रुपवर होता. मराठी भागांना खाली अक्षरं देत नाहीत, म्हणून तो दर आठवड्याला तक्रार लिहायचा. लोक वैतागले. “परत तेच” अशा कमेंट यायला लागल्या. मी त्यांना आवरायचं सोडून त्यालाच खाजगीत लिहिलं, की जरा कमी लिहिलंत तर बरं, ग्रुपचं वातावरण बिघडतं. त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं, “बरं.” त्यानंतर तो कधी दिसला नाही. ग्रुप शांत झाला आणि मला वाटलं, छान काम केलं. एक माणूस गप्प करून मिळालेली ती शांतता होती, हे कळायला मला वर्ष लागलं. त्याला शोधून दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

त्यामुळे पुढचं प्रकरण आलं तेव्हा माझं मन आधीच ठरलेलं होतं.

‘वादळबेट’चा चौथा हंगाम संपला. त्यात गलबत्या नावाचा एक खलाशी आहे. तो रागाच्या भरात दीपगृहाला आग लावतो आणि त्या आगीत शेजारचं रेवा नावाच्या मुलीचं घर जळतं. शेवटच्या भागात तो परत येतो, रडतो, आणि सगळं बेट त्याला जवळ घेतं. ग्रुपवर सगळे हळवे झाले होते. मीसुद्धा डोळे पुसले होते. तेवढ्यात सेलूच्या एका मुलीची पोस्ट आली. नाव प्रणाली, कॉलेजात बी.एस्सी.ला. ती ग्रुपवर नवीन होती आणि घरी बोलतो तशीच लिहायची. तिनं लिहिलं होतं, “गलबत्याले माफ करणं चुकलं. सगळ्या बेटानं त्याले जवळ घेतलं, पण जिचं घर जळलं त्या रेवाले कोणी विचारलंच नाई. ती मांगं उभी हाय, तिचा चेहरा पण दाखवला नाई.”

मी तो भाग परत लावून पाहिला. खरंच, रेवा मागं उभी होती.

पहिलं उत्तर अभिजितनं दिलं. अभिजित म्हणजे ग्रुपचा मानाचा माणूस. बँकेत अधिकारी, चाळिशीचा, प्रत्येक भागावर दोन-दोन पानांचं लिहिणारा. त्याचं लिखाण वाचायला म्हणून लोक ग्रुपवर यायचे, मीही त्यातलीच. त्यानं लिहिलं, की क्षमा हाच या मालिकेचा गाभा आहे आणि बेट म्हणजे एक कुटुंब आहे, त्यात एकेकाची परवानगी घेत नाहीत. उत्तम मुद्दा होता. प्रणालीनं त्यालाही उत्तर दिलं, की कुटुंबातच तर आधी विचारलं पाहिजे. इथवर सगळं नीट होतं. असंच व्हावं म्हणून तर ग्रुप असतात.

मग कोणीतरी तिच्या “मांगं” या शब्दाला हसलं. दुसरं कोणी “हाय”ला हसलं. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आणि अभिजितनं, ज्याच्याकडून मला कधीच अपेक्षा नव्हती, लिहिलं, “आधी मराठी शिक, मग मत दे.” त्यालाच सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. प्रणालीनं लिहिलं, “मी मराठीच लिहून राह्यली.” त्यावर अभिजितचं पुढचं वाक्य आलं, “पूर्ण नाव काय तुझं? आडनाव कळलं की भाषा कुठून आली ते कळेल.”

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. चौकशीच्या खिडकीत माझ्या छातीवर नावाची पट्टी असायची. एकदा एक सुशिक्षित गृहस्थ यवतमाळच्या गाडीची वेळ विचारायला आले, पट्टी वाचली, आडनाव वाचलं, आणि मी सांगितलेली वेळ बरोबर आहे का ते शेजारच्या कंट्रोलरला जाऊन विचारून आले. वेळ बरोबरच होती. ते मला काही वाईट बोलले नाहीत. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवले नाही. माझ्या वडिलांनी छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि आम्हा भावंडांना एकच सांगितलं होतं, की कोणी विचारलं तर नाव पूर्ण सांगायचं आणि मान खाली घालायची नाही. मी आयुष्यभर ते पाळलं. पण नाव आपण होऊन सांगणं वेगळं आणि कोणी मोजमाप घ्यायला ते मागणं वेगळं.

मी ती चर्चा थांबवली. भाषेवरचे आणि आडनावावरचे सगळे टोमणे काढले. प्रणालीचं मत ठेवलं. अभिजितचा क्षमेबद्दलचा मुद्दाही ठेवला, कारण तो मतच होता. अभिजितला सात दिवस ग्रुपवर लिहायला बंदी केली आणि नियमांमध्ये एक ओळ घातली, “इथं कोणी कोणाचं आडनाव विचारायचं नाही.”

अर्ध्या तासात निनादचा फोन आला. निनाद वाईट मुलगा नाही, हे आधी सांगते. पण तो घाबरला होता. त्याचं म्हणणं असं, की अभिजित गेला तर अर्धा ग्रुप जाईल, त्याचे चाहते आधीच बोंब मारताहेत, आणि त्या मुलीला तर आम्ही ओळखतही नाही. तिची पोस्टही काढून टाकू, म्हणजे दोन्ही बाजू समान होतील, असं त्यानं सुचवलं.

मी म्हटलं, “निनाद, तिनं कार्टूनबद्दल लिहिलं आणि त्यानं तिच्या जातीबद्दल विचारलं. हे दोन्ही समान कसं?”

तो म्हणाला, “काकू, त्यानं जात हा शब्द वापरलेला नाहीये.”

“मला तो शब्द लागत नाही,” मी म्हटलं. “मी तिची पोस्ट काढणार नाही. तुला मला काढायचं असेल तर काढ.”

त्यानं खरंच काढलं. संध्याकाळपर्यंत माझे अ‍ॅडमिनचे अधिकार गेले आणि अभिजितची बंदी उठली. मी नियमांत घातलेली ओळही पुसली गेली. मी साधी सदस्य झाले. माझी जाऊ म्हणाली, बरं झालं, सुटलीस एकदाची. मी तिला सांगितलं, की अजून कुठं सुटले.

प्रणालीनं तोवर ग्रुप सोडला होता. मी तिला खाजगीत चारच ओळी लिहिल्या, की मी कोण, आणि तिची पोस्ट मी काढलेली नाही. तिनं आपण होऊन फोन नंबर पाठवला. बोलता बोलता कळलं, की तिच्या कॉलेजच्या काही पोरांनी ग्रुपवरच्या त्या टोमण्यांचे स्क्रीनशॉट पाहिले आणि तिला वर्गात “मांगं” म्हणून हाक मारायला लागले. मग मी म्हटलं, मी येते सेलूला. सकाळची बस धरून वर्ध्याला गेले, तिथून दुसरी बस घेतली.

घर लहान, स्वच्छ. प्रणालीची आई अंगणवाडीत सेविका. तिनं चहा केला आणि मला सरळ विचारलं, की इतक्या मोठ्या वयाची बाई कार्टूनच्या भांडणापायी आर्वीहून इथवर आली, हे कसं काय. मी सांगितलं, की कार्टून निमित्त आहे. त्या माऊलीनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.

प्रणालीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “काकू, मले मत होतं, मी सांगतलं. चुकीचं असन तर तसं सांगा. मी आयकून घेईन. पण त्यायले माहं आडनाव काऊन पाह्यजे?”

मी तिला खिडकीतली गोष्ट सांगितली. मी त्या दिवशी जेवले नव्हते तेसुद्धा. परत ये असं मी एकदाही म्हटलं नाही, कारण ऐकू न येणाऱ्या त्या तरुणाला मी एकदा काय करावं ते सांगून बसले होते. निघताना मात्र तिला म्हटलं, “एक सांगू का, तुह्यं मत मले पटलं नाई. गलबत्याले माफ केलं ते बरोबरच केलं, असं मले वाटते.”

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, “काऊन?”

“ते ग्रुपवर सांगीन,” मी म्हटलं.

आणि मी तसंच केलं. परत येताना बसमध्येच लिहायला घेतलं आणि आर्वी येईतो पोस्ट टाकली, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरच्या बोलीत. प्रमाण मराठीत मी बरं लिहिते, तीस वर्षं सूचनाफलक मीच लिहीत होते. पण त्या दिवशी ठरवून बोलीत लिहिलं. लिहिलं, की प्रणाली नावाच्या पोरीनं एक मत मांडलं, ते मले पटलं नाई, आणि काऊन पटलं नाई ते मी सांगून राह्यली. मग माझे मुद्दे. गलबत्या आधी दोनदा परत येऊन गेला आणि कोणी दार उघडलं नाही. रेवाच्या घराचा नवा पाया तोच खणताना एका दृश्यात ओझरता दिसतो. आणि शेवटी लिहिलं, की ज्याले या भाषेवर हसायचं असन त्यानं माह्यावर हसावं, मी साठीची आहो, माहं काई बिघडत नाई. आडनाव पाह्यजे असन तर तेही देते. खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

दुपार उलटली. मग हिंगणघाटच्या नणंदेनं उत्तर दिलं, बोलीत. पाठोपाठ भावजयीनं तिला विरोध केला, तोही बोलीत. सर्वेयरनं नकाशावर पायाची जागा दाखवली. मालवणच्या एकानं मालवणीत लिहिलं, धुळ्याच्या एका बाईनं अहिराणीत. आणि संध्याकाळी प्रणाली परत आली. तिनं माझे मुद्दे एकेक करून खोडले. म्हणाली, पाया खणला ते ठीक, पण खणण्याआधी विचारलं का? दोन दिवस आम्ही दोघी भांडलो, सगळ्यांसमोर, आणि एकाही कमेंटला कात्री लावावी लागली नाही. लावायला मी अ‍ॅडमिन तरी कुठं होते म्हणा.

सगळं गोड झालं असं नाही. अभिजितनं वेगळा ग्रुप काढला आणि बरेच लोक त्याच्याबरोबर गेले, त्यात काही माझे आवडतेही होते. त्याचे एपिसोडवरचे लेख गेले, त्याची चुटपुट मला अजून आहे. कॉलेजातली पोरं प्रणालीला काही महिने छळत राहिली. ते तिच्या आईनं प्राचार्यांकडे जाऊन थांबवलं, मी नाही. निनादनं आठवड्याभरानं मला अधिकार परत दिले आणि नियमातली ती ओळही परत घातली. तो “सॉरी काकू” म्हणाला. मी त्याला म्हटलं, की मला म्हणून काय उपयोग.

अभिजितचा निरोप तीन महिन्यांनी आला. परत यायचं होतं त्याला. मोठं पत्र होतं, मनापासून लिहिलेलं वाटलं. निनादला लगेच होकार द्यायचा होता. मी म्हटलं, प्रणालीला विचार. तिनं जे उत्तर दिलं ते तिच्या परवानगीनं इथं देते: “माफ केलं असं मी म्हणणार नाई. पण त्यायले येऊ द्या. बोलू द्या. मी पण बोलीन.” अभिजित परत आला. आता तो पूर्वीपेक्षा थोडं कमी लिहितो आणि प्रणालीशी “तुम्ही” म्हणून वाद घालतो. ती बहुतेक वेळा जिंकते.

मला विचारतात, या वयात हे काम कशाला. बिनपगारी, बिनमानाचं. मी म्हणते, आयुष्यभर मी लोकांना गाडी कुठं लागली ते सांगितलं, आता माणसं न तुटता कसं भांडायचं ते सांगते, आणि ते सांगायची परवानगी मी कोणाकडून घेणार नाही. कार्टूनच्या ग्रुपवर माणसं जशी वागतात तशीच गावातही वागतात. गावात सुधारता येत असेल तर ग्रुपवर का नाही सुधारायचं?

यंदा निनादनं प्रणालीलाही अ‍ॅडमिन केलं. ती बी.एस्सी. झाली, आता बी.एड. करते आहे. तिनं अट घातली, की सूचना ती तिच्याच भाषेत लिहिणार. आणि तिची पहिली कारवाई कोणावर झाली असेल? माझ्यावर. एका माणसानं पाचव्या हंगामाबद्दल अगदीच उथळ लिहिलं होतं आणि मी त्याला म्हटलं, की तुमच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हतीच. प्रणालीनं ती कमेंट काढली आणि मला एक दिवस लिहायला बंदी केली. कारण लिहिलं, “काकू, हे त्याच्या मताबद्दल नाई, त्याच्याबद्दल हाय.”

एक दिवस मी गप्प बसले. चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिला लिहिलं, की तुझा निर्णय मला मान्य आहे, पण त्या माणसाचं मत अजूनही मला मान्य नाही.

तिचं उत्तर लगेच आलं, “मंग मांडा ना तुमचं. नीट मांडा.”

मी मांडून राह्यली आहे.